संमती कट्ट्यावरचे लग्न

सोलापुरात दरसाल मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर मंदिराच्या आवारातील संमती कट्ट्यावर जे लग्न लागते, त्यात वराच्या जागी योगदंड असतो आणि वधू कुंभाराची कन्या असते. वऱ्हाड मात्र साऱ्या गावाचे. बाराव्या शतकात, या गावाला सोन्नलिगे म्हणत असताना, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या कुटीसमोर नित्य सडा-रांगोळी घालणाऱ्या या कन्येने त्यांनाच वरण्याचा हट्ट धरला, आपण विरक्त असल्याचे सांगून त्यांनी तो नाकारला, आणि अखेर आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात नवल मानण्याचे कारण नाही. ज्या कल्याणास अल्लमप्रभू सिद्धरामांना घेऊन गेले, तेथील शिवभक्त शरणांतच चन्नमल्लिकार्जुन या शिवरूपाला पती मानून राजवैभव झुगारणारी अक्कमहादेवी होती.

हे लग्न ज्या यात्रेत लागते, तिच्या पहिल्या दिवशी ७ नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करीत नगरप्रदक्षिणा करतात. दुसऱ्या दिवशी, बाराबंदी घातलेल्या भक्तांच्या गर्दीत, हिरेहब्बू आदी मानकऱ्यांच्या उपस्थितीत सुगडीपूजन होते, कन्नडमधून संमतीचे, म्हणजे विवाहवचनांचे, वाचन होते आणि बदस्तूर अक्षता पडतात; मराठी, तेलुगू वा उर्दू बोलणाऱ्याला त्या कन्नडची अडचण वाटल्याचे कोणी सांगत नाही.

संमती या शब्दावरून एक जुना वाद आठवतो. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर नेण्यात आले, तेव्हा पुण्यात टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला आणि भांडारकरांसारखे पंडित शास्त्राधार घेऊन त्याच्या बाजूने उभे राहिले; परंतु त्या वादात धर्मवचनांचा आणि सरकारच्या अधिकाराचा जितका खल झाला, तितका खुद्द मुलीच्या इच्छेचा झाला नाही. सोलापूरच्या विधीत मात्र पहिला शब्द वधूचाच आहे, वराने फक्त होकार द्यायचा आहे, आणि तोही त्याने अर्धाच दिला आहे.

यात्रेच्या तिसऱ्या दिवशीचा विधी मात्र मला खुपतो. होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्येची प्रतिकृती करतात, तिला साडी नेसवतात, अलंकार घालतात आणि होमकुंडात अग्नी देतात, कारण विवाहानंतर ती सती गेली, असे कथा सांगते. ही प्रथा मोडावी असे मी म्हणत नाही. पण ज्याने ही आख्यायिका रचली, त्याने तिला वर निवडू दिला आणि संसार मात्र दिला नाही, हा दोष त्याच्या पदरी घातल्यावाचून राहवत नाही.