मुलांच्या नावाने उद्योगांनी केलेले नियम : एक इतिहास

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी मुद्दा मांडला की, मोबाईलवरील चित्रपटांना व खेळांना वयाचे शिक्के असतात, मोठमोठ्या कंपन्यांनी स्वतःसाठी नियमही केलेले आहेत. मग आईबापांनी एवढी फिकीर का करावी? प्रश्न सरळ होता व विचारणारे गृहस्थ प्रामाणिक होते. परंतु असले शिक्के कोणी, केव्हा व कोणत्या भीतीपोटी सुरू केले हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. त्यासाठी १९५४ सालच्या अमेरिकेत जावे लागेल.

त्या काळी मुलांच्या हाती मोबाईल नव्हता, चित्रकथांची रंगीत पुस्तके होती. त्यांना कॉमिक्स म्हणत. दहा सेंटला मिळणाऱ्या या पुस्तकांत भुताखेतांच्या व खूनदरोड्यांच्या कथांना मोठी मागणी होती. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने त्याच वर्षी ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचा दोष या पुस्तकांच्या माथी मारला. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क येथे चौकशी आरंभली. सिनेटर केफॉव्हर यांनी एका अंकाचे मुखपृष्ठ प्रकाशक विल्यम गेन्स यांच्यापुढे धरले. चित्रातील माणसाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड व दुसऱ्या हातात स्त्रीचे तोडलेले मुंडके होते. हे अभिरुचीला धरून आहे काय, असे विचारता गेन्स उत्तरले की, भयकथेच्या मानाने आहे. मुंडके जरा वर धरून रक्त ठिबकताना दाखविले असते तर मात्र नसते! वर्तमानपत्रांनी हे उत्तर छापले आणि साऱ्या धंद्याची इभ्रत गेली.

आता सरकार कायदा करणार, या धास्तीने प्रकाशक एकत्र आले. सप्टेंबरात त्यांची संघटना उभी राहिली व ऑक्टोबरात 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली मंजूर झाली. चार्ल्स मर्फी हे न्यूयॉर्कचे मॅजिस्ट्रेट तपासणीप्रमुख नेमले गेले. नियमांत बसणाऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर शिक्का छापला जाई. चालती प्रेते व पिशाच्चे वर्ज्य ठरली, आणि प्रत्येक कथेत शेवटी सज्जनाचाच जय व्हावा असे ठरले. कायद्याची सक्ती मुळीच नव्हती. पण घाऊक विक्रेते शिक्क्याविना माल उचलीनात, मग कायदा कशाला हवा? गेन्स यांना आपली भयकथांची मासिके बंद करावी लागली.

या नियमावलीने मुलांचे रक्षण किती केले? एक प्रसंग सांगतो. गेन्स यांच्या एका विज्ञानकथेत यंत्रमानवांच्या ग्रहावर एक अंतराळवीर तपासणीस जातो. तेथे नारिंगी व निळ्या यंत्रांत भेदभाव आहे, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चित्रात तो शिरस्त्राण काढतो तेव्हा कळते की तो कृष्णवर्णीय आहे. मर्फी यांनी नेमकी यालाच हरकत घेतली. कोणत्याही धर्माची वा वंशाची टवाळी होता कामा नये असे त्याच नियमावलीत लिहिलेले असताना! गेन्स हटून बसले आणि कथा १९५६ साली जशीच्या तशी निघाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. वर्थम यांच्या पुराव्याचेही पुढे तसेच झाले. त्यांची कागदपत्रे तपासून कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले की, मुलांच्या जबान्यांत त्यांनी सोयीप्रमाणे फेरफार केले होते. शिक्का त्याआधीच, २०११ मध्ये, संपुष्टात आला होता.

मधला काळ थोडक्यात सांगता येईल. १९९३ साली व्हिडिओ गेममधील हिंसेवरून सिनेटमध्ये पुन्हा चौकशी झाली; पुन्हा कायद्याची धास्ती, आणि १९९४ मध्ये गेम कंपन्यांचे स्वतःचे वयदर्शक शिक्के. इंटरनेटसाठी अमेरिकेने १९९६ साली कायदाच केला, परंतु त्यातील अश्लीलताविषयक मुख्य कलमे सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी भाषणस्वातंत्र्याच्या कारणास्तव रद्द ठरविली.

निराळी वाट ऑस्ट्रेलियाने काढली. तेथील २०२१ च्या ऑनलाईन सुरक्षा कायद्यानुसार नियमांचा मसुदा उद्योगानेच करायचा. मात्र तो पुरेसा आहे की नाही हे सुरक्षा आयुक्तांनी ठरवायचे, आणि नापसंत झाल्यास आयुक्तांनी स्वतः मानके लिहायची. उद्योगाचे आठ भाग पाडले : समाजमाध्यमे, संदेशसेवा, संकेतस्थळे व साठवण, शोधयंत्रे, ॲपची दुकाने, सर्व्हर पुरविणारे, इंटरनेट जोडणी देणारे आणि उपकरणे बनविणारे. २०२३ च्या जूनपर्यंत आठ मसुद्यांचा निकाल लागला. आयुक्त ज्यूली इनमन ग्रँट यांनी पाच नोंदवून घेतले. शोधयंत्रांचा मसुदा सुधारण्यासाठी परत गेला, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे देणारी यंत्रे मधल्या काळात त्यांत आली होती आणि मसुद्याला त्यांचा पत्ताच नव्हता. संदेशसेवा व साठवण यांचे दोन मसुदे तर साफ नाकारले गेले. मुलांच्या लैंगिक शोषणाची जी चित्रे आधीच ओळखली गेली आहेत, ती शोधून काढण्याची पुरेशी हमीही त्यांत नव्हती. त्या दोन भागांसाठी आयुक्तांची मानके २२ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. नियम मोडणाऱ्या कंपनीला चार कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे कोणी म्हणेल, आयुक्तही मर्फी यांच्यासारखेच वागणार नाहीत कशावरून? शंका रास्त आहे. परंतु मर्फी यांचा पगार प्रकाशकांच्या संघटनेकडून येत असे. आयुक्त संसदेच्या कायद्याने बांधलेल्या आहेत व त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते, कंपन्या जातातही. त्या वडिलांना मी एवढेच म्हणालो की, शिक्का पाहाच. पण तो मारणाऱ्याला पगार कोण देतो हेही विचारा.

दरम्यान तेथील संसदेने आणखी कडक पाऊल उचलले. सोळा वर्षांखालील मुलांची खाती ठेवू नयेत, असे बंधन १० डिसेंबर २०२५ पासून फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब इत्यादींवर आले. आणि मुलांना अयोग्य अशा मजकुराविषयीच्या ज्या सहा नियमावल्या २०२५ च्या सप्टेंबरात नोंदल्या गेल्या, त्यांत मित्रासारखे बोलणारी यंत्रेही आली. त्यांना मुखपृष्ठ नसते. बोलणे सुरू होण्यापूर्वी तपासायला काही हाती येत नाही. म्हणून अशा यंत्राला अश्लील वा आत्मघाताकडे नेणारे संभाषण करता येत असेल, तर समोरच्याचे वय आधी पडताळण्याची जबाबदारी नियमाने कंपनीवर टाकली आहे.