वाट पाहणाऱ्यांचे पुराण

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती घरांवर कागदी तारे चढू लागतात. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक ‘आगमनकाळ’ म्हणून पाळतात. हा आनंदाचा काळ खरा. पण त्याहूनही तो वाट पाहण्याचा काळ आहे. या वाट पाहण्यावर आपल्या मराठीत एक प्रचंड ग्रंथ लिहिला गेला आहे. त्याच्या कर्त्याचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, पण ग्रंथ मात्र फारसा कोणी उघडत नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ते हेच.

टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्याचा. १५४९ च्या सुमाराचा त्याचा जन्म. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेला बंदी होती, म्हणून त्याने देश सोडला, रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून जहाज पकडले. ऑक्टोबरात तो गोव्यास पोहोचला. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तो इथेच राहिला. मायदेश त्याने पुन्हा पाहिला नाही.

ही चाळीस वर्षे कशी गेली? विद्वानाच्या अभ्यासिकेत नव्हे, तर बहुतेक सासष्टीच्या खेड्यांत. नवजात बालकाला बाप्तिस्मा द्यायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, पापनिवेदन ऐकायचे, मुलांना धर्मपाठ शिकवायचा आणि मेलेल्याला मूठमाती द्यायची, हा तिथल्या पाद्रीचा नित्यक्रम. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा त्यांचे देह मिळवून अंत्यविधी करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले. त्यांच्या सुटकेसाठीही हा पाद्री धावला. लोकांची दुःखे ऐकायची तर त्यांची बोली यायला हवी. स्टीफन्सने ती नुसती शिकली नाही, आत्मसात केली. कोकणीचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले.

पण हे चित्र इथेच थांबवले तर ते अर्धे राहील. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. कुंकळ्ळीचा तो उद्रेक त्या रोषातून झाला, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. ज्या इंग्रजाला आपली श्रद्धा पाळता यावी म्हणून घर सोडावे लागले, तो अशा भूमीत पाद्री झाला, जिथे दुसऱ्यांना त्यांची श्रद्धा पाळता येत नव्हती! इतिहासाची ही विसंगती मला फार बोचते. स्टीफन्स सत्तेच्या विरुद्ध उभा राहिला, असे कोणी म्हणू नये. तो तिच्याच छायेत वावरला. तरीही त्याच्या कानांवर एक तक्रार पडली आणि त्याने ती मनावर घेतली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

ती तक्रार खुद्द पुराणाच्या आरंभी आली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? केवढा रास्त प्रश्न! पिढ्यान्‌पिढ्या चातुर्मासात पोथी ऐकत आलेल्या माणसाची संध्याकाळ रिकामी झाली होती. प्रश्नोत्तरांचा धर्मपाठ तोंडपाठ होतो, पण त्याने जीव रमत नाही. जीव रमतो तो कथेत आणि ओवीत.

त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्या वेळचे त्याचे पोर्तुगीज नाव सांगण्याजोगे आहे: ‘जगात झालेल्या येशू ख्रिस्त तारणाऱ्याच्या आगमनाविषयी निरूपण’. ‘आगमन’ हाच ग्रंथाचा विषय. ‘मसीहा’ म्हणजे हिब्रू भाषेत अभिषिक्त. ‘ख्रिस्त’ हे त्याचेच ग्रीक रूप. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, आब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे येतात. म्हणजे शतकानुशतके चाललेली ती प्रतीक्षाच. दुसऱ्या पुराणात तो येतो. पण राजवाड्यात नव्हे, बेथलेहेमच्या गोठ्यात. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडवलेली ओवी स्टीफन्सने हाती घेतली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही तो कचरला नाही. श्रोत्यांना ती कथा परकी वाटली नसणार.

मसीहा येऊन गेला, तरी दुःख का संपले नाही? हा प्रश्न सासष्टीच्या शेतकऱ्यालाही पडला असेल. ख्रिस्ती धर्माचे उत्तर असे की, तो पुन्हा येणार आहे, आणि दोन आगमनांच्या मधला काळ सेवेसाठी आहे. आशेचे हे व्यावहारिक रूप म्हणजे चर्चच्या गावाचा संसार. मुलांना अक्षरे आणि गाणे शिकवणारा ‘मेस्त’, सणाचा खर्च उचलणारी आणि सभासदाच्या प्रेतयात्रेला जाणारी ‘कोंफ्रारी’, वेदीवर फुले वाहणाऱ्या बाया, घंटा वाजवणारा पोर. आणि रविवारी-सणावारी उपासनेनंतर पुराण वाचून दाखवणारा वाचक. त्याच्यामुळेच हा ग्रंथ जगला.

हे शब्दशः खरे आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच वरवंटा फिरवला. ग्रंथ तरला तो हातांनी नकलून घेतलेल्या पोथ्यांतून आणि भाविकांच्या पठणातून. अशा पोथ्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला. १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली.

हा धागा तुटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मसेवा केली, वसईच्या हिरवाईसाठी लढा दिला, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते गेले. स्टीफन्सच्या पाठीशी सत्ता होती. दिब्रिटोंच्या पाठीशी केवळ लोकांचे प्रेम होते. चारशे वर्षांत झालेला हा पालट मला फार मोलाचा वाटतो.

आशा ही नुसती आकाशाकडे डोळे लावून बसण्याची गोष्ट नव्हे. येणाऱ्यासाठी अंगण झाडून ठेवावे लागते, दिवा लावावा लागतो आणि शेजारच्या घरात अंधार असेल तर तिथेही पणती न्यावी लागते. दिवाळी साजरी करणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नकोच.