जनीवरचा आळ आणि दिवेआगरचं सोनं

पुढे सरकून बसा. आणि आयाबायांनो, गळ्यात जे काही असेल ते पदराखाली घ्या. हसू नका. चाळीस वर्षं कीर्तन करतोय. कथा ऐन रंगात आलेली असते आणि मधूनच ‘माझं मंगळसूत्र गेलं हो’ अशी किंकाळी उठते. टाळ थांबतात, मृदंग थांबतो. आणि मग एक गोष्ट हटकून घडते. सगळ्यांच्या नजरा गरकन फिरतात आणि मंडपात सर्वांत फाटकी कापडं ज्याच्या अंगावर असतील त्याच्यावर जाऊन थांबतात. आज त्या नजरेचंच निरूपण करायचं आहे.

नामदेवरायांच्या घरची दासी जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरीत वाढली. तिच्या पदकाची कथा महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त सांगितली, तो ग्रंथ शके १६८४चा, म्हणजे इ.स. १७६२चा. कथा तुम्हाला पाठ आहे. देव रात्री जनीच्या झोपडीत आला. तिच्याबरोबर जातं ओढलं, काकड आरतीची वेळ झाली तशी गडबडीने निघाला आणि शेल्याऐवजी जनीची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. रत्नजडित पदक राहिलं झोपडीत. सकाळी दार उघडलं तर देवाच्या गळ्यात पदक नाही. झाली ओरड. आणि नाव कोणाचं निघालं? जनीचं. झडती घेतली, पदक तिथेच सापडलं. चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा केला, आणि त्या सुळाचं पाणी झालं.

आपण कीर्तनकार मंडळी इथे झांज वाढवतो, गजर करतो, पुढे जातो. मीही तेच केलं, वर्षानुवर्षं. पण बाप हो, जरा थांबून पाहा. माल सापडला होता! कोणत्याही कोतवालाने हेच म्हटलं असतं, मुद्देमाल हिच्या घरात, आणखी काय पाहिजे? तरी चोर ती नव्हती. राऊळाची कुलपं कोणाकडे, रात्री आत कोण होतं, हे कोणी विचारलं नाही. झडतीपासून सुळापर्यंत एक सकाळ पुरली.

भानुदास महाराजांचीही कथा तीच. नाथमहाराजांचे पणजोबा, पैठणचे. विजयनगरच्या राजाने पंढरीची मूर्ती नेली, ती आणायला गेले. देवाने गळ्यातली माळ त्यांच्या गळ्यात घातली, तिच्याबरोबर नवरत्नांचा हारही आला. परक्या मुलखातला फाटका माणूस आणि गळ्यात राजाचा हार! पुन्हा सूळ. त्या सुळाला पालवी फुटली म्हणतात. वारकरी परंपरेने दोन दोनदा ही कथा जपली, ती नुसत्या चमत्कारासाठी जपली असं मला वाटत नाही. दागिना हरवला की आळ कुठे जाऊन बसतो, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी पण पाहिलं आहे. आमच्याच घरात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आईची नथ सापडेना. भांडी घासायला एक बाई यायची, आम्ही तिला मावशी म्हणायचो. वडिलांनी तिला अंगणात उभी केली, ओचा झटकायला लावला. ती रडली नाही, काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तीन महिन्यांनी उडदाच्या डाळीच्या डब्यात नथ निघाली. जत्रेला जाताना आईनेच लपवली होती, चोरांच्या भयाने! घरात पेढे वाटले. मावशीकडे कोणी गेलं नाही. वडील नामधारक माणूस, रोज हरिपाठ म्हणायचे. मीही म्हणायचो.

पूर्वी तिजोरी कुठे होती? कणगीत, चुलीखाली, जमिनीच्या पोटात. आता कोकणात चला. श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर. जुनं गाव, शके ९८२चा, इ.स. १०६०चा मराठी ताम्रपट त्याच गावचा. त्या गावात १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका बाईंच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, किलोभराहून जास्त वजनाचा. किती काळ मातीने सांभाळला होता! मातीबाहेर आला आणि पंधरा वर्षंही टिकला नाही.

२४ मार्च २०१२. पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीसाठी जशी लगबग असते, ती होऊन दिवसच उलटला होता. पहाटेच्या अंधारात दरोडेखोर देवळात शिरले. राखणीला दोघे जण होते. दोघांनाही मारलं. मुखवटा नेला.

पोलिसांनी तपास केला, माणसं पकडली, सोनंही मिळालं. पण मुखवटा मिळाला नाही, तो वितळवलेला होता. सोनाराच्या मुशीत घातलं की सोन्याला ना गाव राहतं, ना देव. २०१७ साली अलिबागच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, काहींना जन्मठेप झाली. पुढे सोनं परत मिळालं, नवा मुखवटा घडला, आणि २३ नोव्हेंबर २०२१ला, अंगारकीच्या दिवशी, त्याची स्थापना झाली. पेटीत निघाल्यापासून मोजा, चोवीस वर्षं.

पंढरपुरात एक सकाळ, अलिबागेत पाच वर्षं. लोक म्हणतात, कोर्टात फार वेळ लागतो. लागतोच, मीही कुरकुरतो. पण कोणत्या तरी जनीला त्याच दिवशी वाळवंटात नेण्यापेक्षा पाच वर्षं बरी, असं मला आता या वयात वाटू लागलंय.

वेळ लागतो तो सगळीकडे लागायलाच हवा असं मात्र नाही, हे ऐकून ठेवा. तुमचा चोरीचा दागिना पोलिसांनी पकडला, तर खटला संपेपर्यंत तो ठाण्यात पडून राहावा असा काही नियम नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय की पंचनामा करावा, फोटो काढावेत, मालकाकडून बंधपत्र घ्यावं आणि सोनं त्याला परत द्यावं. त्यासाठी न्यायाधीशांपुढे अर्ज करायचा असतो. पण अर्जात लिहिणार काय? ‘आजीची बोरमाळ’ एवढंच? म्हणून घरी गेल्यावर दागिन्यांचे फोटो काढा, वजन लिहा, पावती जपा. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, तो वहीत उतरवा. ताम्रपट कोरणारे आपले पूर्वज काही वेडे नव्हते.

आणि वारीत एक सोंग फार चालतं. साधा पोशाख केलेला माणूस येतो, ‘आजी, मी पोलीस आहे, पुढे लूटमार झालीय, दागिने काढा, या रुमालात बांधून देतो.’ बांधूनही देतो. मुक्कामाला सोडून पाहावं तर आत खडे! खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, माउली. आणि मुळात वारीत सोनं हवंच कशाला? तुळशीची माळ कोणी ओढत नाही.

दिवेआगरला मी नंतर गेलो. मुखवटा तेजस्वी आहे, गर्दी होती, माझं कीर्तनही झालं. पण हात जोडले तेव्हा डोळ्यांपुढे ते दोघे राखणदार होते. एवढं सोनं, आणि समुद्रकाठच्या त्या रात्री त्याच्यापुढे दोन माणसं. तिथे ना सुळाचं पाणी झालं, ना शस्त्राला पालवी फुटली.

तेव्हापासून एक सवय लागलीय. कुठल्याही गावी कीर्तन झालं, नारळ-प्रसाद झाला, विश्वस्त मंडळी देवाचे दागिने दाखवायला बोलावतात. मी जातो, पाहतो. मग बाहेर ओट्यावर काठी आणि कंदील घेऊन कोणी म्हातारा बसलेला असतो, त्याच्याजवळ टेकतो आणि विचारतो, ‘बाबा, रात्री तुमच्या जोडीला कोण असतं?’