‘पानी’ म्हटलं तर काय बिघडतं?

मी पाचवीत होतो. धडा वाचताना ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. बाईंनी तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं, पण नंतर वर्षभर मी वाचायला हात वर केला नाही. आमच्या शिरवळकडं घरोघरी ‘पानी’, ‘लोनी’च म्हणतात. आपली आजी अशुद्ध बोलते, एवढंच मी त्या दिवशी शिकलो.

पुढं कॉलेजात कळलं, की ‘पाणी’ आला संस्कृत ‘पानीय’वरून. तिथं ‘न’च आहे. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि आमच्या बोलीत पुन्हा ‘न’. मूळ शब्दाशी जवळीक हाच शुद्धतेचा निकष धरला, तर आजी पास आणि पुस्तक नापास! मग शुद्ध काय ते ठरवलं कुणी?

इंग्रजी अमलात शाळा, कचेऱ्या आणि छापखान्यांसाठी एकसारखी मराठी हवी होती. १८३१मध्ये मोल्सवर्थचा कोश छापला गेला, १८३६मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. कोशाच्या कामाला ब्राह्मण शास्त्री होते. पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांची बोली हळूहळू ‘प्रमाण’ झाली. तीही एक बोलीच. पण पुस्तकं, परीक्षा आणि नोकऱ्या तिच्या वाट्याला आल्या. बाकीच्या ‘गावंढळ’ ठरल्या.

त्याच १८३१ साली शिरवळजवळच्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला. जोतीराव फुल्यांचं मूळ गावही साताऱ्यातलंच, खटाव तालुक्यातलं कटगुण. जोतीरावांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात कुणबी नवरा-बायको आपल्या बोलीत बोलतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. पुढं ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या विचारांसोबत त्यांच्या व्याकरणाचीही टर उडवली. माझ्या वर्गातलं हसू त्याच जातीचं होतं. समोरच्याची भाषाच चुकीची ठरवली, की तो काय म्हणतोय ते ऐकायची गरज उरत नाही.

फुल्यांनी हे ओळखलं होतं. १८८२मध्ये हंटर कमिशनपुढं त्यांनी मागणी केली, की प्राथमिक शाळांचे मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत; मुलांत मिसळणारे, नांगर धरायची लाज न वाटणारे.

प्रमाणभाषा नको, असं माझं म्हणणं नाही. शिरवळच्या आणि चंद्रपूरच्या पोराला एकच पुस्तक वाचता येतं, ते तिच्यामुळंच. हा लेखही मी तिच्यातच लिहितोय. ‘घरी पानी, पुस्तकात पाणी’ एवढं बाई म्हणाल्या असत्या, तरी माझा हात खाली गेला नसता.

आता शिरवळला कारखाने आलेत, वर्गात लांबलांबची मुलं असतात. परवा भाचा हसत सांगत होता, “मामा, आमच्या वर्गात एक नागपूरकडचा हाय. ‘काय करून राहिला’ म्हणतो!”

मी विचारलं, “तो वाचायला हात वर करतो का रे?”

भाचा जरा थांबला. म्हणाला, “आधी करायचा.”