रसायन तंत्रज्ञान संस्था, मुंबई

माटुंगा येथील शासन-अनुदानित अभिमत विद्यापीठ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापना. ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) हे जुने नाव आजही अनेकांच्या तोंडी आहे. आरंभी भर वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकीवर होता. पुढे रंगद्रव्ये, औषधे, तेले, बहुवारिके, अन्नतंत्रज्ञान यांची भर पडली. संचालक के. वेंकटरमण यांच्या काळात रंगद्रव्य-संशोधनाला जागतिक मान्यता मिळाली. संस्थेतील प्राध्यापक, रासायनिक अभियंते मनमोहन शर्मा यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर यांनाही तो मान मिळाला. कारखान्यातील अडचणी प्रयोगशाळेत आणण्याची परंपरा हे संस्थेचे खरे बळ. शोधनिबंधांची संख्या त्यामानाने गौण. अभिमत दर्जा २००८ मध्ये मिळाला.