माणसे वाढली, काम लांबले

घर बांधावयास घेतले की ते ठरल्या मुदतीत पुरे होत नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु जेथे विटा नाहीत, चुना नाही, पावसाची आडकाठी नाही, अशा केवळ बुद्धीच्या कामालाही उशीर का व्हावा? संगणकाच्या आज्ञावलींच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, इतिहासातील एका प्रसंगात याचे उत्तर सापडते.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालेची घोषणा केली. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरही चालावी, अशी ही योजना होती, आणि कंपनीने आपले भवितव्यच तिच्यावर लावले होते. परंतु यंत्रांकडून काम करवून घेणारी मूळ आज्ञावली, ‘ओएस ३६०’, वेळेवर सिद्ध होईना. कंपनीने माणसे वाढविली. ऐन भरात ती हजारावर गेली. या कामाचे एक प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहिला. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्यवर्षे खर्ची पडली, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की रेंगाळलेल्या कामावर नवी माणसे घातली, तर ते अधिकच रेंगाळते.

हे कसे? शेत कापताना एका विळ्याला दुसऱ्याशी बोलावे लागत नाही. आज्ञावलीत मात्र एकाचा भाग दुसऱ्याच्या भागाशी अचूक जुळावा लागतो. पाच माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १०, तर दहा माणसांत ४५! शिवाय नवख्यांना शिकवावयाचे, ते आधीच कामात बुडालेल्यांनी. ‘बारभाईची खेती’ म्हणताना आपण आळसाकडे बोट दाखवितो. येथे तर सारेच कष्टाळू होते.

दुसरे कारण हिशेबाचे. ब्रुक्स यांनी एकतृतीयांश वेळ आखणीस, एकषष्ठांश लेखनास आणि उरलेला अर्धा तपासणीस द्यावा, असे सुचविले. मुदत ठरविताना मात्र आपण लेखनच मोजतो. चुका शोधण्याचा काळ हिशेबातच धरीत नाही.

आज पुण्यात आणि परदेशांत आपली हजारो मुले याच व्यवसायात आहेत. त्यांच्या रात्रीच्या जागरणांना पुष्कळदा हीच चुकलेली मोजणी कारण असते. तेव्हा काम रखडले, की माणसांस दोष देण्याआधी, ती मुदत कोणी व कोणत्या आधारावर ठरविली, हे विचारावे.