तळटीप : पिरानेसीचे खांब
* समोरासमोरच्या पानांवर, एकीकडे चित्रात आणि दुसरीकडे छायाचित्रात, दिसणारे तीन खांब एकाच देवळाचे आहेत : रोमच्या फोरममधले व्हेस्पेशियनचे मंदिर. इटालियन चित्रकार पिरानेसीच्या काळी ते गर्जणाऱ्या ज्युपिटरचे समजत, म्हणून त्याच्या चित्राखाली ते नाव. अठराव्या शतकात त्याने ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवले, तेव्हा खांब जवळजवळ गळ्यापर्यंत मातीत होते. वरच्या पट्टीवरची बैलांची मुंडकी, बळीचे सुरे, कुऱ्हाडी रस्त्यावरून सहज न्याहाळता येत. छायाचित्रात तीच पट्टी मान वर करून शोधावी लागते.

इथे चित्रकार खोटा नाही. फरक पडला तो मातीमुळे : १८१० नंतर फ्रेंच अमलात ती उपसली गेली.

एरवी मात्र पिरानेसीवर सरसकट विसंबू नये. माणसे ठेंगणी काढून अवशेष अवाढव्य भासवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याची चित्रे पाहून आलेला जर्मन कवी गटे रोममधल्या काराकल्लाच्या स्नानगृहांपाशी हिरमुसलाच.